पॉलिकार्बोनेटच्या गॅरेज-दारातून उन्हाळ्यात रात्री कट्‌कट् आवाज, स्क्रूभोवती तडे : कोणत्या ऋतूत काय करावं?

कंपूवाली, ग्वाल्हेर
५ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, कंपूच्या बाजूला, आजेसासऱ्यांच्या वेळचं. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला पूर्वी टांगा उभा राहायचा, ती जागा आता गाडीची. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली जनावरांचा बाजार म्हणून सुरू केलेला इथला मेळा आता गाड्यांसाठी ओळखला जातो, कारण तिथे रोड टॅक्समध्ये सूट मिळते. आम्हीही सहा वर्षांपूर्वी मेळ्यातूनच गाडी घेतली आणि त्याच थंडीत टांग्याच्या जागेला दार बसवलं.

दार पूर्वाभिमुख. ३ मीटर रुंद, २.४ मीटर उंच, चार आडव्या पट्ट्यांचं, मोटरवर वर सरकत जाणारं. चौकट ॲल्युमिनियमची आणि आत १० मिमीची पोकळ, म्हणजे आतून बारीक नळ्यांची, दुधी रंगाची पॉलिकार्बोनेट (एक कणखर प्लास्टिक) शीट. लोखंडी शटर लावलं असतं तर आतला चौक काळोखा झाला असता. सासूबाई सकाळी पोथी घेऊन तिथेच बसतात आणि त्या दुधी उजेडात त्यांना चष्म्याने नीट दिसतं. म्हणून हे दार मला वाचवायचं आहे.

आता तक्रारी. मे-जूनमध्ये रात्री साडेसात ते नऊच्या दरम्यान दारातून कट्‌कट् असा आवाज येतो, कोणी बोटं मोडतंय असा. गेल्या दिवाळीच्या पुताईनंतर (रंगरंगोटीनंतर) खालच्या दोन पट्ट्यांत स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसू लागले, आता ते बोटभर लांब झालेत. या पावसाळ्यात सगळ्यात खालच्या पट्टीच्या नळ्यांमध्ये आतून हिरवी रेघ आली. आणि जानेवारीत सकाळी दार बंद करायला गेलं की अर्ध्यावर थांबतं आणि परत वर जातं. ज्याने बसवलं तो म्हणतो, "शीट ही खराब निकली, नई डलवा लो." नवीनही तशीच निघाली तर?

जुना फिटर, मोरार
५ ऑक्टोबर, दुपारी १.१५

ताई, तीस वर्षं शेड आणि दारंच बसवली आहेत, म्हणून विचारतो. एक स्क्रू काढून बघा आणि सांगा : स्क्रू किती मिमीचा, शीटमधलं भोक किती मिमीचं, स्क्रूखालचं रबर कसलं, आणि शीटच्या आतल्या नळ्या उभ्या आहेत की आडव्या. दार कोणत्या महिन्यात बसलं तेही नक्की सांगा.

कंपूवाली
५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.०५

मुलाने स्क्रू काढला. स्क्रू ५ मिमी, भोकही तेवढंच, स्क्रू अगदी घट्ट बसतो. रबर काळं, मऊ, प्लास्टिकच्या नळीसारखा वास येतो, आणि शीटला चिकटून बसलं होतं. नळ्या आडव्या. दार जानेवारीत बसलं, कडाक्याच्या थंडीत.

जुना फिटर
५ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मग शीट खराब नव्हती. तिला हलायला जागाच ठेवली नाही.

पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंश तापमानाला ०.०६५ मिमी वाढतं. ॲल्युमिनियम ०.०२३ मिमी. आपल्याकडे जानेवारीच्या सकाळी पारा ५ अंशांच्या आसपास असतो आणि मेमध्ये ऊन लागलेली शीट सहज ६० पर्यंत तापते. बसवताना १० अंश धरले तरी फरक ५० अंशांचा. तुमची ३ मीटरची शीट तेवढ्यात जवळजवळ १० मिमी लांबते आणि चौकट फक्त साडेतीन मिमी. उरलेले सहा मिमी जाणार कुठे? शीट फुगते, स्क्रूवर दाब देते. संध्याकाळी आखडायला लागली की स्क्रू तिला धरून ठेवतो, ताण साठतो आणि एकदम सुटतो. तोच तुमचा कट्.

भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं. ५ मिमीच्या स्क्रूला १० मिमीचं भोक, वर रुंद वॉशर आणि त्याखाली ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम) रबर. मधला एक स्क्रू नेमक्या मापाच्या भोकात, म्हणजे शीट मध्यावर धरलेली राहते आणि दोन्हीकडे मोकळी सरकते. स्क्रू पिळून आवळायचा नाही. वॉशर बोटाने जेमतेम फिरला पाहिजे.

आणि हे काम आत्ताच करा, ऑक्टोबरात. शीट ३० अंशांच्या आसपास असताना बसवली की ती वर्षभराच्या मध्यावर असते, उन्हाळ्याकडे आणि थंडीकडे सारखी जागा उरते. थंडीत बसवलेलं दार मेमध्ये रडतं, मेमध्ये बसवलेलं जानेवारीत फटी दाखवतं.

आडव्या नळ्यांचं कारण सांगतो. शीट येते २.१ मीटर रुंदीची आणि नळ्या लांबीच्या दिशेने. ३ मीटरची पट्टी एका तुकड्यात काढायची तर नळ्या आडव्याच येणार. उभ्या नळ्यांसाठी दोन तुकडे जोडावे लागतात, मधे जोडपट्टी लागते, वेळ जातो. कारागीर सोपं तेच करतो. पण आडव्या नळीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला उतारच नाही. हिरवी रेघ तिथूनच आली.

बेन्झीनवलय, पुणे
६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

फिटरकाकांनी ताणाचं सांगितलं, मी तड्यांचं सांगते. प्लास्टिकच्या चाचण्यांमध्ये काम करते.

कंपूवालीताई, पुताईच्या वेळी दारावर ऑइलपेंट उडाला होता का? आणि तो कशाने पुसला?

कंपूवाली
६ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

हो, अगदी बरोबर! वरच्या खिडकीला ऑइलपेंट लावताना थेंब पडले. पोऱ्याने थिनरच्या बोळ्याने पुसले, मीच त्याला शाबासकी दिली. दार लख्ख दिसत होतं. आठवड्याभराने जाळी दिसली.

बेन्झीनवलय
६ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

वाटलंच होतं. पॉलिकार्बोनेटवर हातोडा मारला तरी फुटत नाही, पोलिसांच्या ढाली यातूनच बनतात. पण द्रावकांपुढे ते कच्चं आहे. थिनरमध्ये टोल्युइन आणि ॲसिटोनच्या जातीची द्रव्यं असतात. शीट ताणाखाली असेल तर ती आत शिरतात, रेणूंच्या लांब साखळ्यांमधली पकड सैल होते आणि जिथे ताण सर्वांत जास्त, म्हणजे स्क्रूच्या भोकाशी, तिथे उकलतं. ताण नसलेल्या शीटवर तोच थिनर कदाचित नुसता डाग ठेवून गेला असता. तुमच्या दारात दोन्ही एकत्र आले.

ते काळं रबरही साधं नाही. प्लास्टिकच्या नळीसारखा वास म्हणजे बहुधा मऊ पीव्हीसी. त्यातलं मऊपणा देणारं तेल हळूहळू पाझरतं आणि थिनरसारखंच, पण सावकाश, काम करतं. शीटला चिकटलं होतं ही त्याचीच खूण.

म्हणून थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, अमोनिया असलेला काच पुसायचा फवारा, धुण्याचा सोडा, यांपैकी काहीही दाराजवळ नको. सिलिकॉन भरायचं असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको. बिजागऱ्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारतात, तोही शीटवर उडू देऊ नका, मागे पुठ्ठा धरा. पेंटचा ताजा थेंब साबणपाण्याने लगेच पुसा. वाळलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने काढा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा.

चुन्याचंही तसंच. चुना आणि ओलं सिमेंट दोन्ही अल्कधर्मी, पॉलिकार्बोनेटला अल्क सोसत नाही. पुताई सुरू व्हायच्या आधी दारावर जुनी चादर टांगा.

दुकान राजवाड्यामागे, इंदूर
६ ऑक्टोबर, रात्री १०.००

माझ्या दुकानाला पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं रोलिंग शटर आहे. एक चूक मी केली ती सांगतो, कोणी करू नका. पहिली दोन वर्षं रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत होतो. धूळ म्हणजे बारीक वाळूच, ती फडक्याखाली घासली जाते. दोन वर्षांत शटर धुरकट झालं, आतला माल दिसेना. ओरखडे काही केल्या जात नाहीत.

आता आधी वरून खाली पाणी सोडतो, धूळ वाहून जाऊ देतो, मग भांड्यांच्या सौम्य साबणाचं कोमट पाणी आणि मऊ स्पंज, परत पाणी, शेवटी ओल्या मऊ कापडाने टिपून घेतो. घासणी नाही, ब्रश नाही. सकाळी सातच्या आत करतो. शीट तापलेली असेल तर साबण जागीच वाळतो आणि डाग राहतात.

तुमच्याकडे तर मेमध्ये आंधी येते, आमच्या माळव्यापेक्षा धूळ जास्त. आंधीनंतर हात लावायच्या आधी पाणीच मारा.

वडोदरेकर
७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

सगळे शीटबद्दल बोलताहेत, मी स्प्रिंगबद्दल बोलतो, कारण यात जीव जाऊ शकतो.

वर सरकणाऱ्या दाराचं वजन मोटर उचलत नाही. ते वरच्या दांड्यावर पिळलेल्या स्प्रिंगांनी तोललेलं असतं. साधारण स्प्रिंग दहा हजार उघडझापांच्या हिशोबाने बनवतात. रोज चार वेळा म्हटलं तर सात वर्षं होत नाहीत. आमची एका पहाटे तुटली, गोळी झाडल्यासारखा आवाज झाला. मी घाबरून मोटर सोडवायची लाल दोरी ओढायला निघालो होतो, शेजारच्या काकांनी हात धरला. दार उघडं असताना, स्प्रिंग तुटलेली असताना ती दोरी ओढली की पूर्ण दार धाडकन खाली येतं.

तुम्ही शीट काढणार, बदलणार, म्हणजे वजन बदलणार. काम झाल्यावर दार पूर्ण बंद करून मगच लाल दोरी ओढा आणि हाताने अर्ध्यावर उचलून सोडा. जागेवर थांबलं तर तोल बरोबर. खाली पडू लागलं किंवा वर पळालं तर स्प्रिंगवाल्याला बोलवा. स्प्रिंगच्या बोल्टला स्वतः पाना लावू नका, मुलालाही लावू देऊ नका.

आणखी एक, मोटर जोडल्यावर दाराखाली ४ सेमी जाडीचा लाकडी ठोकळा आडवा ठेवून दार बंद करा. ठोकळ्याला टेकताच ते उलटं वर गेलं पाहिजे. आमच्याकडे हे दर ऋतूला करतो, नातवंडं दाराखालून पळतात.

सुटसुटीत, पुणे
७ ऑक्टोबर, दुपारी ४.४५

पोकळ शीटची ही सगळी भानगड टाळून ३ मिमीची भरीव शीट का लावत नाही? नळ्याच नाहीत तर शेवाळ कुठून येणार?

जुना फिटर
७ ऑक्टोबर, रात्री ८.५०

लावता येते. पण वडोदरेकरांनी आत्ताच सांगितलं ते धरून हिशोब करा. १० मिमीची पोकळ शीट चौरस मीटरला सुमारे १.७ किलो, दाराचं क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर, म्हणजे साधारण १२ किलो. ३ मिमीची भरीव चौरस मीटरला ३.६ किलो, म्हणजे २६ किलो. चौदा किलो वाढले की स्प्रिंग बदलावीच लागेल. शिवाय भरीव शीट उष्णता जास्त आत घेते, आणि ताईंच्या सासूबाई तिथे बसतात. लांबण्याचं गणित तर दोन्ही शीटना सारखंच. मी पोकळच ठेवीन, नीट बसवून.

कंपूवाली
१६ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

दिवाळी झाली, काम झालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे पुताईआधीच केलं, त्याचा वृत्तांत देते.

फिटरकाकांनी एक युक्ती निरोपात सांगितली होती, ती इथे लिहिते. या शीटच्या एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा अतिनील थर असतो, जाडी केसापेक्षाही कमी. ती बाजू बाहेर हवी. नव्या शीटवरच्या फिल्मवर छापलेलं असतं, पण फिल्म काढल्यावर डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच. नोटा तपासायची जांभळी बत्ती अंधारात धरली की बऱ्याच शीटमध्ये तो थर निळसर चमकतो. आम्ही रात्री मोबाइलच्या दुकानातून आणलेली बत्ती धरली. वरच्या तीन पट्ट्या बाहेरून चमकल्या. सगळ्यात खालची आतून चमकली! म्हणजे ती सहा वर्षं उलटी बसलेली होती. ती पिवळी पडली होती ते मी धुळीवर घालत होते.

तड्यांच्या खालच्या दोन पट्ट्या बदलल्या. लोहिया बाजारात शीट मिळाली, ईपीडीएमचे वॉशर दोन दुकानं पालथी घातल्यावर मिळाले. टेप मात्र मागवावी लागली. या दोन पट्ट्यांत नळ्या उभ्या घेतल्या, मधे जोडपट्टी. वरच्या तोंडांना ॲल्युमिनियमची बंद टेप, खालच्या तोंडांना बारीक छिद्रांची टेप, म्हणजे आतलं पाणी उतरून जातं आणि धूळ, मुंग्या आत जात नाहीत. खालच्या पट्टीच्या कडेला पाणी निघायला छोटी भोकंही पाडली.

वरच्या दोन पट्ट्या जुन्याच, नळ्या आडव्याच ठेवल्या. चांगली शीट फेकायला मन होईना. भोकं १० मिमीची केली, नळ्यांमधून साबणपाणी सोडलं, दोन दिवस सावलीत उभ्या ठेवून वाळवल्या, दोन्ही टोकांना छिद्रांची टेप लावली.

नवीन शीटची फिल्म बसवताना फक्त कडेने सोलली आणि बसवून झाल्यावर त्याच दिवशी पूर्ण काढली. कारागीर म्हणत होता राहू द्या, नवी दिसते. काकांनी बजावलं होतं की उन्हात फिल्म भाजून चिकटते आणि मग निघत नाही.

लाल दोरीची चाचणी केली, दार अर्ध्यावर थांबलं. ठोकळ्याचीही केली.

कबुतरांचा शेजार, ठाणे
१७ नोव्हेंबर, सकाळी ११.००

वाचनखूण साठवली. एक प्रश्न : कबुतरांची विष्ठा वाळली की निघत नाही, खरवडू का?

बेन्झीनवलय
१७ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

खरवडू नका, ब्लेड तर नकोच. ओलं कापड अर्धा तास त्यावर ठेवा, आपोआप सुटते. होळीचा रंग, झाडाचा चीक, यांनाही हाच उपाय. खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून पुसा, मग साधं पाणी.

कंपूवाली
११ जानेवारी, सकाळी १०.१५

चौथी तक्रार सुटायची राहिली होती. काल परत तेच झालं, दार बंद होता होता अर्ध्यावरून वर गेलं. आधी वाटलं धुक्याने सेन्सरच्या काचेवर दव बसतं. पुसलं, तरी तेच. पण ऊन पडल्यावरच होतं, धुकं असेल त्या दिवशी होतच नाही. दुपारी तर कधीच नाही.

वडोदरेकर
११ जानेवारी, दुपारी १२.३०

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर दोन डोळे असतात, एक किरण सोडतो, दुसरा घेतो. तुमचं दार पूर्वेला आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून, अगदी खालून येतो. किरण घेणारा डोळा उत्तरेच्या बाजूला असेल तर त्याचं तोंड दक्षिणेला, म्हणजे ऊन थेट त्याच्यात. त्याला किरण दिसेनासा होतो, दाराला वाटतं मधे कोणी आहे. बघा बरं कुठे आहे.

कंपूवाली
११ जानेवारी, दुपारी २.००

उत्तरेलाच आहे! हातानं सावली धरून बटण दाबलं तर दार सरळ बंद झालं. इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन्ही डोळ्यांची अदलाबदल करते. माझे यजमान तीन हिवाळे रोज सकाळी उतरून दार हाताने ओढत होते.

जुना फिटर
११ जानेवारी, रात्री ८.००

तो येईल तेव्हा बिजागऱ्यांना आणि लोखंडी चाकांच्या बेअरिंगला थोडं ग्रीस द्यायला सांगा. रुळाला ग्रीस नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो, रूळ नुसता पुसून घ्यायचा. खालच्या रबराला सिलिकॉनचा हात फिरवा, उन्हाळ्यात तडकत नाही. आणि थंडीत शीटच्या आत थोडं दव दिसलं तर घाबरू नका, दुपारपर्यंत उतरून जायला हवं. गेलं नाही तर टेप बघा.

कंपूवाली
२४ मे, रात्री ९.५०

धागा वर काढते आहे कारण शेवटचं सांगायचं होतं.

पंधरा दिवस झाले, पारा ४४-४५ वर आहे. परवा आंधी आली, सगळं दार मातीने माखलं, सकाळी सहाला पाणी मारून धुतलं. आज साडेसातपासून आत्तापर्यंत मी आणि सासूबाई चौकात बसलो होतो. एकही कट् नाही. त्यांनीच विचारलं, "तो रात्रीचा आवाज कुठे गेला गं?"

जानेवारीत वरच्या जुन्या शीटच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून ठेवली होती. आज मोजली. टोक ३ मिमीहून किंचित जास्त पुढे आलं आहे, दुसऱ्या टोकालाही तेवढंच. फिटरकाकांचं गणित डोळ्यांनी पाहिलं.

कबुतरांचा शेजार
२५ मे, सकाळी ९.१०

ताई, खूण नेमकी कुठे केली? मलाही आमच्या दाराला करायची आहे.

कंपूवाली
२५ मे, सकाळी ९.३०

आतल्या बाजूने, वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाशी, चौकटीच्या ॲल्युमिनियमवर. साधी पेन्सिल घ्या, मार्करची शाई शीटवर लागायला नको. शेजारी तारीख आणि वेळ लिहा, दिवसाच्या वेळेनुसारही फरक पडतो.